ट्रॅक्टरचे इंजिन बांधावे, की ट्रॅक्टरच बदलावा?

(शेतकरी मंडळींसाठी सादर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या एका श्रोत्याचे पत्र आले आहे. आज त्याच पत्रावर बोलायचे ठरवले, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. पत्रातला मजकूर थोडक्यात असा : जमीन ९ एकर, त्यातली ४ बागायत. ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा, १७ वर्षांचा. तासाचे मीटर केव्हाच बंद पडलेले. इंजिन निळसर धूर टाकते, चार-सहा दिवसांआड लिटरभर ऑइल पिते, आणि नांगर लावला की दम सोडते. मिस्त्री म्हणतो, फुल इंजिन करा. दुकानदाराचा माणूस म्हणतो, जुना द्या, नवा न्या, कर्जाचे आम्ही बघतो. आणि वैशाखात थोरल्या मुलीचे लग्न. शेवटी ते लिहितात, "दोघेही आपापल्या फायद्याचे सांगतात, तुम्ही तरी आमच्या फायद्याचे सांगा."

बघू या जमते का.

पहिली गोष्ट, इंजिन खरेच गेले आहे का? हसू नका. आमच्या शेजारच्या गावात एकाने इंजिन उघडून अर्धा सांगाडा अंगणात पसरला, आणि दोष निघाला नोझलचा. धुराचा रंग नीट बघा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. एअर क्लीनर धुळीने तुंबला असेल, नोझल खराब असेल, नाहीतर ताकदीबाहेरचे ओझे लावले असेल. ही कामे स्वस्तातली आहेत. ती आधी करून घ्यावीत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर घाबरू नये, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गॅस्केट किंवा हेड तपासावे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले असे समजा आणि तो ट्रॅक्टर त्या दिवसापासून चालवू नका.

निळ्या धुराची खातरजमा अशी करावी. इंजिन चांगले तापू द्या, मग ऑइल भरायचे झाकण काढा. तिथून भकाभक धूर येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजले. मीटरवर ऑइलचे प्रेशर गरम इंजिनाला अगदीच खाली जात असेल तर बेअरिंगही गेली असतील, नाहीतर ऑइलचा पंप. मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. नुसत्या कानाने ऐकून सांगणारा मिस्त्री हुशार असेलही, पण पैसे तुमचे आहेत.

आमच्या श्रोत्याच्या बाबतीत निळा धूर आहे, ऑइल पिते, ओढ नाही. म्हणजे इंजिनाचे काम निघाले आहे, हे मिस्त्रीचे म्हणणे बहुधा खरे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच. इंजिन म्हणजे ट्रॅक्टर नव्हे. हे मी पुस्तकातले सांगत नाही. वडिलांनी १९९१ साली ट्रॅक्टर घेतला होता. गावात मिरवणूक काढून आणला. २००८ साली त्याचे इंजिन बसले. वडील थकले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत तो विकायचा म्हणजे बैल खाटकाला दिल्यासारखे वाटले असते. मी मागचापुढचा विचार न करता फुल इंजिन केले. इंजिन झाले झकास. पण नव्या इंजिनाची ओढ जुन्या क्लचला झेपेना. क्लच केला, तर तिसरा गिअर सुटू लागला. गिअर बॉक्स केला तोवर लिफ्ट नांगर धरीना. दोन वर्षांत तीनदा कर्ज काढले, आणि शेवटी ट्रॅक्टर विकला तेव्हा नुसते इंजिनाचेही पैसे निघाले नाहीत. इंजिन उघडायच्या आधी एक दिवस बाकीचे अंग तपासले असते तर हे टळले असते.

म्हणून मिस्त्रीला म्हणावे, इंजिन राहू दे, आधी बाकीचे बघ. नांगर उचलून इंजिन बंद करा आणि थोडा वेळ थांबा. तो पाहता पाहता खाली आला तर लिफ्टमधून गळती आहे. प्रत्येक गिअरमध्ये ओझ्यावर चालवून बघा. मागच्या डिफरन्शिअलमधून घर्रघर्र येते का? स्टिअरिंगला किती ढिलेपणा आहे? पुढचा आस, पीटीओ, ब्रेक, आणि मागचे दोन टायर. टायर विसरू नका. मागची जोडी बदलायची वेळ आली असेल तर ती किंमत इंजिनाच्या कामाच्या जवळ जाऊ शकते.

मग कागद घ्या आणि आकडे मांडा. मी उदाहरणाचे आकडे सांगतो, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. समजा इंजिनाचे काम ७०,००० रुपये. क्लच, लिफ्ट आणि टायर मिळून ६०,०००. एकूण १,३०,०००. हा ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आणखी ४ वर्षे चालला, तर वर्षाला ३२,५०० पडले. आता नवा घ्यायचा तर समजा ७ लाख. जुन्याचे १ लाख आले, घरचे १ लाख घातले, ५ लाख कर्ज. दर शेकडा १० धरला तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याज ५०,००० च्या घरात जाते, मुद्दल वेगळे. शिवाय नव्या ट्रॅक्टरची किंमत दरसाल उतरते. ७ लाखांचा ट्रॅक्टर ७ वर्षांनी २ लाख ८० हजारांना गेला, तर वर्षाला ६०,००० रुपये नुसती घट झाली. दुकानदाराचा माणूस हप्ता सांगतो, ही घट कोणी सांगत नाही.

यंत्राच्या खर्चाचा हिशोब करताना ट्रॅक्टरचे आयुष्य साधारण १० वर्षे आणि १०,००० तास धरण्याची रीत आहे. म्हणजे वर्षाला १,००० तास. ९ एकरांत घरचे काम किती तासांचे होते, ते तुम्हीच मोजा. आमचे श्रोते थोडे भाड्याचे धरूनही ३०० तासांपुढे जात नसतील. ३०० तासांसाठी नवा ट्रॅक्टर म्हणजे लग्नघरची कढई रोजच्या भाजीला. ज्याचा धंदाच भाड्याचा आहे, ८००-९०० तास चालवतो, त्याचे गणित निराळे. ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहिला की त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. त्याने नवा घेतला तर मी नाही म्हणणार नाही.

माझा स्वतःचा ठोकताळा असा की, इंजिनासकट सगळी दुरुस्ती मिळून, दुरुस्तीनंतर त्या ट्रॅक्टरला बाजारात जी किंमत येईल तिच्या निम्म्यापुढे गेली, तर हात आखडावा. मग पुढे जायचे ते बाकीचे अंग धडधाकट असेल तरच. आणि सुट्या भागांची चौकशी आधी करावी. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. असा कारखाना बंद झालेला ट्रॅक्टर ज्याच्या दारात आहे, त्याने भाग कुठे आणि किती दिवसांत मिळतात हे विचारल्याशिवाय नट ढिला करू नये.

काही जण तिसरी वाट सुचवतात : भंगार बाजारातून दुसऱ्या ट्रॅक्टरचे इंजिन आणून बसवायचे. स्वस्त पडते, चार दिवसांत काम होते. पण ते इंजिन किती तास चालले, हे विकणारा सांगेल तेच खरे मानावे लागते. शिवाय इंजिनाचा नंबर तुमच्या आरसी बुकात लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याचे १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते. नंबर खोडलेला असेल, पावती नसेल, तर ते इंजिन चोरीचे असू शकते, आणि पुढे पोलीस येतील ते तुमच्या दारी. पक्के बिल, जुन्या आरसीची प्रत, आणि आधी आरटीओत चौकशी, यापैकी एकही नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. आरसी काढलीच आहे तर मुदतही बघून घ्या. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ५-५ वर्षांनी नवी करावी लागते. १७ वर्षांच्या ट्रॅक्टरची ती झालेली नसेल तर तोही खर्च कागदावर मांडा.

इंजिन बांधायचेच ठरले, तर क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे मोजून घ्या. क्रँक पूर्वी दहावर घासली आहे, वीसवर की तीसवर, हे विचारा. घासायला जागा उरली नसेल तर नवी क्रँक लागेल आणि मिस्त्रीचा अंदाज तिथेच कोलमडेल. डिझेल पंप आणि नोझल त्याच वेळी तपासून घ्या. जुने भाग परत मागा. लाजू नका, तुमचेच आहेत. काम झाल्यावर पहिले ५० तास हलके काम द्या, आणि ऑइल पुस्तकात सांगितल्याप्रमाणे लवकर बदला. इंजिनाचा निम्मा नाश धूळ करते, तेव्हा रोटाव्हेटरच्या दिवसांत एअर क्लीनर रोज बघावा. आणि हे काम फाल्गुन-चैत्रात उरकावे. मृगाच्या आठ दिवस आधी मिस्त्रीच्या दारात रांग असते, आणि रांगेतल्या माणसाला भाव करता येत नाही.

आता पत्र लिहिणाऱ्या आमच्या बंधूंना थेट सांगतो. या साली नव्या ट्रॅक्टरचे कर्ज काढू नका. घरात लग्न आणि दारात हप्ता, हे ९ एकरांना पेलणार नाही. रब्बी निघाली की बाकीचे अंग तपासा. गिअर आणि लिफ्ट ठीक असतील, टायर दोन वर्षे काढतील असे असतील, तर इंजिन बांधून घ्या. तसे नसेल, तर ट्रॅक्टर आहे त्या स्थितीत विका. इंजिन करून विकले तर किंमत जास्त येते, असे मिस्त्री सांगेल, पण घातलेले पैसे बहुधा पुरते परत येत नाहीत. आलेले पैसे बँकेत ठेवा, लग्नात खर्चू नका, आणि एक खरीप भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढा. पेरणीसाठी ट्रॅक्टरवाल्याला आतापासूनच सांगून ठेवा, आणि भाड्याच्या प्रत्येक तासाची वहीत नोंद करा. दिवाळीला ती वही पुढ्यात घेऊन बसा, आणि काय आकडा निघाला ते आम्हाला जरूर कळवा.

रामराम.