जुना पट्टा लगेच फेकू नका



माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. पट्टा घसरू लागला की ते त्यावर राळ टाकत. रात्री गिरणी थांबली की थंड झालेल्या पट्ट्यावरून एकदा बोटे फिरवत, मगच दिवा मालवत. ते काय शोधतात, हे मला फार उशिरा कळले. तेही ओहायोत, घरामागच्या एकरभर हिरवळीवर.

अमेरिकेत एवढ्या जागेसाठी बसून चालवायचे गवतकापणी यंत्र लागते. मे महिन्यात गवत दर आठवड्याला कापावे लागते, आणि ते ठरावीक उंचीच्या वर गेले की अनेक गावांत नोटीस येते. यंत्रात सहसा दोन मुख्य पट्टे असतात. एक पाती फिरवतो, दुसरा मागच्या चाकांकडे ओढ नेतो. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्याबद्दल.

हा पट्टा गिरणीतल्यासारखा सपाट नसतो. त्याचा छेद खाली निमुळता असतो. असा पट्टा 1917 साली डेन्व्हर शहरात जॉन गेट्स यांनी बनवला. तो पुलीच्या तळाला टेकत नाही, खाचेच्या दोन्ही भिंतींमध्ये पाचरीसारखा रुततो. खाचेचा कोन 38 अंशांच्या आसपास धरला, तर तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. पट्टा झिजून तळाला टेकला की ती पाचर संपली.

पुष्कळ यंत्रांत हा पट्टाच क्लचचे काम करतो. पेडल दाबले की ताण देणारी पुली मागे सरते, पट्टा सैल पडतो आणि यंत्र थांबते. इंजिनाची पुली मात्र फिरतच राहते. म्हणून या पट्ट्याला वरून कापडाचे वेष्टन असते. मोटारीचा पट्टा लांबीने जुळला तरी इथे चालत नाही.

मी पहिल्यांदा पट्टा बदलला तो तीन आठवड्यांत तुटला. माल खराब निघाला, असे म्हणून मी दुसरा आणायला निघालो होतो. निघताना सहज जुना हातात घेतला. सगळा पट्टा नव्यासारखा होता, फक्त एका जागी दोन बोटे रुंदीचा जळका खड्डा होता. म्हणजे पट्टा जागच्या जागी उभा असताना पुली त्याच जागेवर घासत राहिली होती. इंजिनाच्या पुलीजवळ एक लोखंडी पिन असते. सैल पडलेला पट्टा तिच्या आधाराने फुगून पुलीपासून सुटा होतो. नवा पट्टा आत सारताना ती पिन मीच वाकवली होती.

त्या दिवसापासून मी जुना पट्टा वाचल्याशिवाय नवा बसवत नाही. एकच कड झिजली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर पट्टा घसरतो आहे. मग ताणाची स्प्रिंग पाहा, तेलाची गळती पाहा. सगळीकडे भेगा असतील तर मात्र त्याचे वयच झाले. आणि वरून धडधाकट पट्टा अचानक तुटला, तर बसवताना कोणी तो डिसमिसने पुलीवर रेटला होता का, ते विचारा. आतल्या दोऱ्या पुष्कळदा केव्हलारच्या असतात. 1965 साली ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेला हा धागा ओढीला विलक्षण चिवट, पण तीक्ष्ण मुरड पडली की दुखावतो, आणि वरून काही दिसत नाही.

कामाची रीत थोडक्यात सांगतो. किल्ली काढा, हातब्रेक लावा, स्पार्क प्लगची वायर सोडवा. चाकांचा पट्टा सहसा वर असतो, त्यामुळे आधी पात्यांचा पट्टा आणि बहुधा पात्यांचा सांगाडाही उतरवावा लागतो. इंजिनाखाली विजेचा क्लच असेल तर त्याची वायर काढा. पट्टा कोणत्या पुलीला आतून आणि कोणत्या पुलीला पाठीने लागतो, ते सोडवण्यापूर्वी कागदावर काढा. सगळे उघडलेले असतानाच प्रत्येक पुली हाताने फिरवा. बेअरिंग खरखरले तर ते आधी बदला, नाहीतर ते नवा पट्टाही खाईल.

शेवटी, इंजिन बंद असताना कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि स्वतः वाकून इंजिनाच्या पुलीकडे पाहा. पट्टा तिच्यापासून सुटा झाला पाहिजे. मी आता प्रत्येक वेळी एवढे पाहतो, मगच स्पार्क प्लगची वायर पुन्हा जोडतो.