ओवाळणीचा हिशेब

(मंडळाच्या महिला शाखेने भाऊबीज निधीस प्रारंभ केला, त्या सभेतील भाषण)



केंद्र सरकारच्या चाकरीत बदल्यांमागून बदल्या होत आम्ही आपल्या गावी आलो. आमचे शिक्षण बी.ए.पर्यंतचे आणि पुढले सारे आयुष्य फायलींत गेलेले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. हिशेबाची करावी, कारण आज बोलावयाचे ते पैशाविषयी.

महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी दिवाळीच्या सुमारास घरोघर जाऊन भाऊबीज निधी गोळा करण्याची प्रथा आपणांस ठाऊक आहे. संस्था मुलींची, म्हणून देणारा भाऊ, आणि देणगी ही ओवाळणी. या नावातच मोठे शहाणपण आहे असे आम्हांस वाटते. दान म्हटले की घेणाऱ्याची मान खाली जाते. ओवाळणी हा बहिणीचा हक्कच असतो, आणि तबकात किती पडले याची चर्चा चारचौघांत होत नाही.

पैसा कोठून येतो याने संस्थेचे दैव कसे बदलते, ते पाहण्यासारखे आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले, ते अमेरिकेतील हितचिंतकांच्या आधारावर. 1887 साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन दिले होते. त्या सदनाचे ऋण मोठे आहे. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनात शिकल्या. परंतु 1893 मध्ये धर्मांतरावरून वादळ उठले, तेव्हा पुष्कळ पालकांनी मुली काढून घेतल्या. सदनाच्या भिंतीत पुणेकरांची एक वीट असती, तर कदाचित भांडायला तरी ते आत आले असते. हे आमचे अनुमान. इतिहासकारांनी रागावू नये.

कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा त्यांनी वर्गणीदार शोधले ते आपल्याच समाजात. त्याच समाजाने 1893 मध्ये पुनर्विवाहाबद्दल त्यांच्यावर बहिष्कार घातला होता! आपल्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीही त्यांनी आश्रमास देऊन टाकली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. 1900 साली तेथे झोपडी उभी राहिली. आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव फिरल्या; पुढे इंग्रजी बेताचेच असताना अमेरिकेस गेल्या आणि तेथे घरकाम करून राहिल्या. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठास पंधरा लक्ष रुपये दिले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव लाभले. त्यापूर्वीची वीस-बावीस वर्षे मात्र रुपया-दोन रुपयांच्या पावत्यांवर निघाली, आणि त्या पावत्या फाडणारांची नावे कोणत्याही इमारतीवर नाहीत.

आता आपल्या मंडळाकडे वळू. काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे, की मराठी माणसाचा पैसा मराठी मुलींसच मिळावा. त्यांच्याविषयी आदर राखून आम्ही विचारतो, की पन्नास वर्षे पाणी आपण कोणत्या गावचे प्यालो? आपल्या घरी भांडी घासावयास जी बाई येते, तिची मुलगी आठवीपर्यंत विनाशुल्क शिकते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने ती सोय सहा ते चौदा या वयापुरती केली आहे. पुढे नववी. शाळा लांब, बसचे भाडे, वह्या, आणि घरी धाकटे भावंड सांभाळावयाचे. मुलगी गळते ती येथे. हा खर्च हजारो रुपयांचा नाही; पण जे घर महिन्याच्या मजुरीवर चालते, तेथे बसचे भाडे आधी कापले जाते आणि मुलाच्या आधी मुलीचे कापले जाते. महिला शाखेने निधीसाठी हाच टप्पा निवडला, हे आम्हांस फार योग्य वाटते. शिवणयंत्रे वाटून छायाचित्रे काढणे सोपे होते.

आणखी दोन सूचना हिशेबनीसाच्या नात्याने. निधीचे खाते गणेशोत्सवाच्या खात्यापासून वेगळे असावे. उत्सवाचा तोटा भरून काढण्याची बुद्धी भल्याभल्यांना होते. आणि मुलींना व्यासपीठावर बोलावून पाकिटे देऊ नयेत. बसचा पास शाळेतून मिळावा, वह्यांचे पैसे दुकानदारास परस्पर जावेत.

आजकाल रक्कम फोनवरून क्षणात पाठविता येते. तशी जरूर घ्यावी. तरीही जिने चढावेतच. या प्रांतात भाऊबीजेला भाईदूज म्हणतात, सणही तोच आणि टिळाही तोच. म्हणून शेजारच्या अमराठी घरांची दारेही वाजवावीत. त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

पावतीपुस्तके चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहेत. प्रत्येक पुस्तकात पन्नास पावत्या आहेत, आणि दिवाळीस अद्याप सहा आठवडे आहेत. पहिले पुस्तक आम्ही मागून घेतले आहे. दुसऱ्यासाठी कोण पुढे येते, ते अध्यक्षांनी पाहावे.