रोझेलची मावशी



आनंदीबाई जोशी हे नाव महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही परिचित आहे. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, गोपाळरावांची विलक्षण जिद्द आणि अकाली ओढवलेला मृत्यू, एवढ्यात ते चरित्र आटोपण्याची आपल्याला सवय जडली आहे. या चरित्रातील एका व्यक्तीचा उल्लेख बहुधा ओझरताच होतो. ती म्हणजे न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावी राहणारी एक गृहिणी, थिओडोशिया कार्पेंटर. आजचे चिंतन आहे ते या दोघींच्या स्नेहाविषयी.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना ही कल्याणच्या एका जमीनदार घराण्यातील मुलगी. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. वर गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीस, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. माहेरच्या वाड्यातून निघालेली मुलगी नवऱ्याच्या छत्राखाली आली, एवढाच काय तो पालट. काय शिकावे, काय ल्यावे, कोणाशी बोलावे, हे सारे दुसऱ्या कोणीतरी ठरवायचे. गोपाळरावांनी तिला शिकविले हे खरे, आणि त्यासाठी समाजाचा रोषही पत्करला. परंतु ते शिकविणेही हुकमाचेच होते. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. योग्य उपचार मिळते तर तो वाचता, ही खंत तिच्या मनात खोल रुतली. डॉक्टर होण्याच्या इच्छेचे मूळ त्या दहा दिवसांत आहे.

पत्नीला अमेरिकेत शिकता यावे म्हणून गोपाळरावांनी एका मिशनऱ्याची मदत मागितली होती. ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, अशी अपेक्षा त्या बाजूने व्यक्त झाली. गोपाळरावांनी ती मानली नाही. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. १८८० साली दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक पडला आणि त्यांनी पत्र लिहिले. दंतवैद्याच्या दारातून इतके मोठे काही निघाल्याचे उदाहरण इतिहासात दुसरे सापडणे कठीण!

एकीकडे पंधरा वर्षांची ब्राह्मण मुलगी. दुसरीकडे संसारात मुरलेली, स्वतःच्या मुली असलेली ख्रिस्ती स्त्री. भाषा, धर्म, आहार, ऋतू, काहीच समान नाही. पत्राचे उत्तर यायला आठवड्यांमागून आठवडे लागत. भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर अशा गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या, पण पत्रे थांबली नाहीत. त्यांत सणवार आले, चालीरीती आल्या, बालविवाह आला, स्त्रियांचे मुकाट्याने सोसलेले आजार आले. कलकत्त्यात आनंदीबाईंना डोकेदुखी, ताप, धाप यांनी ग्रासले, तेव्हा बाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. गुण आला नाही. परंतु समुद्रापलीकडच्या कोणालातरी आपल्या डोकेदुखीची काळजी आहे, हे त्या मुलीला प्रथमच कळले. ती त्यांना मावशी म्हणू लागली.

या मावशीने नेमके काय केले? उपदेश फारसा केला नाही. तिने प्रश्न विचारले आणि उत्तरांची वाट पाहिली. ज्या मुलीला तोवर आज्ञाच मिळत आल्या, तिला ‘तुला काय वाटते?’ असे विचारणारे कोणी भेटले. उत्तर द्यायचे म्हणजे आधी स्वतःला काय वाटते ते शोधावे लागते. आनंदीबाईंचे मन घडले ते या शोधात.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात अठरा वर्षेही पूर्ण न झालेली ही मुलगी इंग्रजीत बोलायला उभी राहिली. अमेरिकेला का जावयाचे, एकटीने का, तेथील महाविद्यालयातच का, या एकेका आक्षेपाला तिने उत्तर दिले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही निक्षून सांगितले. हा निश्चय दोन्ही बाजूंना खुपणारा होता. धर्मांतराची आस धरणाऱ्यांची निराशा झाली आणि परदेशगमनाने धर्म बुडतो म्हणणाऱ्या स्वकीयांचेही समाधान झाले नाही. स्वकीयांनी तिला दिलेला त्रास परक्यांपेक्षा कमी नव्हता, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेली आनंदीबाई ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरली. धक्क्यावर मावशी उभी होती. तो उन्हाळा रोझेलच्या घरात गेला. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही, कुंकू सोडले नाही, आणि ख्रिस्ती मावशीच्या स्नेहात त्यामुळे अणुमात्र उणेपणा आला नाही. त्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. गोष्ट लहान, परंतु हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

पुढे फिलाडेल्फियातील स्त्री-वैद्यक महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी गोपाळरावांना एक पत्र लिहिले. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी झालेली मारहाण, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे त्यात स्पष्ट शब्दांत आले. त्याच पतीविषयी त्यांच्या मनात कृतज्ञताही होती. ऋण मान्य करायचे आणि अन्यायही नाव घेऊन सांगायचा, हे बालपणीच्या यमुनेला साधले नसते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जागाही निश्चित झाली. परंतु क्षयाने शरीर आधीच पोखरले होते. वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, मावशीने त्या ठेवल्या आणि वर शिळा बसविली. कल्याणच्या मुलीचे नाव घरच्या माणसांच्या नावांबरोबर आजही तेथे वाचता येते.