जुनी मोटार, जुना स्नेह



केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमानुसार, पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या व मूळ स्वरूपात मोठा फेरफार न झालेल्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. तेव्हा सुवर्णमहोत्सवाचा मान एकट्या आपल्या मंडळाचा नव्हे!

पुण्यातील माझ्या एका महाविद्यालयीन मित्राकडे वडिलांची १९७१ सालची फियाट आहे. वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली. तिच्याच पायी आम्हां दोघांना जुन्या मोटारींचा छंद जडला. पुढे मी नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर आलो आणि पत्रव्यवहार तीसेक वर्षे खुंटला.

गतवर्षी त्याच्या पत्नीच्या निधनाची वार्ता कळली. दूरध्वनी केला, पण सांत्वनाचे शब्द सुचेनात. तोही निःशब्द. अखेरीस मी विचारले, “फियाट आहे ना रे?”

“आहे. पण कार्ब्युरेटर उघडायचा, तर दुसरा हात हवा.”

मी गेलो. चार दिवस आम्ही जेट पेट्रोलने धुतले, पॉइंटमधील अंतर जुळविले. त्या अवधीत, बॉनेटखालून मान वर न काढता, त्याने पत्नीचे सारे आजारपण सांगितले. एकमेकांकडे पाहून जे बोलवले नसते, ते इंजिनाकडे पाहून बोलता आले.

आम्हां उभयतांच्या मूळ स्वरूपात फेरफार पुष्कळ झाले आहेत. त्या नियमाच्या कसोटीस आम्ही उतरणार नाही. स्नेहाला सुदैवाने ती अट नाही. दूर राहणाऱ्या आपणां सर्वांना एवढेच सांगावेसे वाटते : निमित्त क्षुल्लक असले तरी चालेल, पण ते शोधावे.