सायरन वाजला तर?

मी तिरोड्याचा. आमच्या गच्चीवरून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. ताई लग्न होऊन बोईसरला गेली, तेव्हा आई म्हणाली, "आपल्याकडे धूर निदान दिसतो रे. तिथं तारापूरची अणुभट्टी. किरणं कुठं दिसतात?"

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. उकळत्या पाण्याच्या, फुकुशिमासारख्याच. ११ मार्च २०११ ला भूकंप होताच फुकुशिमाच्या चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. पण बंद भट्टीतही उष्णता निघत राहते. ती गार ठेवायला डिझेल जनरेटर होते, ते त्सुनामीच्या पाण्यात गेले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, बॅकअप नुसता असून भागत नाही, चालवून बघावा लागतो. गावाचंही तसंच. केंद्रापासून १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीचा आराखडा असतो. ताईला विचारलं, "सायरन वाजला तर?"

"स्टेशनकडे पळेन."

नाही! आधी घरात जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, सरकारी सूचना ऐकायची. आयोडीनची गोळी सांगितल्यावरच घ्यायची; ती फक्त थायरॉईड वाचवते.

तुम्हीही ग्रामपंचायतीत विचारा, मागचं मॉक ड्रिल कधी झालं? "काही होणार नाही" असं मी आईला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "ताईला आता काय करायचं ते माहीत आहे."