परीक्षेत काय विचारतात ते आपण विचारू या
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील महिला मंडळांच्या शिबिरात केलेले भाषण)



डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींना कशावर पास करतात, हा विषय मी सुचवला तेव्हा एक-दोघी म्हणाल्या, "त्याचं आपल्याला काय? कॉलेजवाले बघतील की." म्हणून आधी माझं कारण सांगते.

बलात्कार झालेल्या मुलीला घेऊन तपासणीला जाणं आपल्यापैकी अनेकींना चुकलेलं नाही. २०१०च्या आसपास मी अशीच एका सतरा वर्षांच्या पोरीबरोबर गेले होते. दवाखान्याचं नाव घेत नाही. पडद्यामागून तरुण डॉक्टर सिस्टरला लिहायला सांगत होता, "संबंधांची सवय दिसते." दोन बोटं घालून काढलेला निष्कर्ष! बाहेर आल्यावर मी भांडले. तो उद्धट नव्हता, गोंधळला होता. म्हणाला, "बाई, आम्हाला हेच शिकवलंय."

आणि ते खरं होतं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत 'कौमार्याची लक्षणं' होती. ती पाठ करून लिहिली की मार्क. त्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. पुरुषाच्या कौमार्याची लक्षणं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती, हे आपसूकच आलं.

२०१८ मध्ये कंजारभाट समाजातली तरुण मुलं-मुली जातपंचायतीच्या पांढऱ्या चादरीविरुद्ध उभी राहिली. आपण सगळ्यांनी त्यांना शाबासकी दिली. पण तीच चादर आपल्या मेडिकल कॉलेजांत अभ्यासक्रम म्हणून अंथरलेली होती! सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्याविरुद्ध चिकाटीनं लिहिलं, तेव्हा २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानं तो भाग काढला. म्हणजे १९६२ पासून चाललेल्या मिरजेच्या सरकारी कॉलेजला तो बदल लागू झाला. कराडचं कृष्णा अभिमत विद्यापीठात, सांगलीचं भारती विद्यापीठाचं कॉलेजही तसंच. त्यांच्या परीक्षा त्यांच्या त्यांच्या. देशभरासाठी बदल यायला २०२२ उजाडलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, आणि हे अभ्यासक्रमातूनही काढा.

आता नियम बघा. २०२३च्या नियमावलीत तासांना ७५ टक्के, प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी हवी. पहिल्या वर्षाची परीक्षा चारदाच देता येते. नऊ वर्षांत सगळं उरकायचं. २०१९ पासून वागणूक, नीती आणि संवाद यांचेही तास आहेत, 'एटकॉम' म्हणतात त्याला. चांगलं आहे, मी नाव ठेवत नाही. पण २०१९ ते २०२२ या काळात तोच विद्यार्थी एका तासाला रुग्णाचा मान राखायला शिकत होता आणि दुसऱ्या तासाला योनिपटलावरून बाईचं चारित्र्य ओळखायला. त्यातलं परीक्षेला येणार काय, हे पोरांना बरोबर कळतं. वर्गात पहिली येणारी मुलगीसुद्धा तेच लिहून पहिली येत होती. तिलाही आतून कसं वाटत असेल?

झालं गेलं म्हणून सोडता येत नाही. ३१ ऑगस्ट २०२४ला राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात कौमार्य आणि योनिपटल पुन्हा हजर! जोडीला समलिंगी स्त्रियांचे संबंध अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत. आरडाओरडा झाला म्हणून ५ सप्टेंबरला ती मागं घेतली. तो ओरडा देशभरातल्या कार्यकर्त्यांनी आणि काही डॉक्टरांनी केला. आपल्या दोन जिल्ह्यांतून किती पत्रं गेली? माझं गेलं नाही, हे कबूल करते.

तर माझं म्हणणं एवढंच. मिरज, कराड, सांगली, आणि २०२१ला सुरू झालेलं साताऱ्याचं सरकारी कॉलेज, चारही ठिकाणी न्यायवैद्यक विभागाच्या प्रमुखांना भेटू या. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागू या. तोंडी परीक्षेत काय विचारतात ते विद्यार्थिनींकडून समजून घेऊ या, कारण जुनी सवय कागदावरून गेली तरी तोंडी परीक्षेत राहते. अत्याचारित बाईशी कसं बोलायचं, तिची संमती कशी घ्यायची, हे करून दाखवल्याशिवाय पास करू नका, असं लेखी देऊ या.

मिरजेपासून सुरुवात करू. माझ्याबरोबर कोण येतंय ते जेवणाच्या सुट्टीत सांगा.