तेलबियांचे अनुदान आणि कसणाऱ्याचा हक्क



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी लगेच विषयाला हात घालतो. सोयाबीनचा भाव काही अध्यक्षांच्या प्रास्ताविकासाठी थांबत नाही.

2024-25 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये जाहीर केला. पण ऐन सुगीत लातूरच्या आडतीवर भाव त्याच्या पुष्कळ खाली उतरला, आणि सरकारी खरेदी केंद्रावर, परतीच्या पावसात भिजलेल्या राशीत ओलावा बारा टक्क्यांहून अधिक निघतो म्हणून माल परत जाऊ लागला, तेव्हा कोठे ती मर्यादा त्या हंगामापुरती पंधरावर नेण्यात आली. खाद्यतेलावरील आयातशुल्क सप्टेंबर 2024 मध्येच वाढवले होते, तरी भाव सावरला नाही. कारण सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम अठरा टक्के, बाकी बहुतेक सारी पेंड, आणि पेंडीला जगाच्या बाजारात उठाव नसेल तर एकट्या तेलाने भाव कितीसा चढणार?

अशाच पडत्या भावावर उतारा म्हणून त्याआधीच्या, 2023 च्या खरिपातील सोयाबीन व कापूस उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे राज्य सरकारने ठरवले. या साहाय्यास माझा विरोध नाही. परंतु ही रक्कम पिकाच्या मागे न जाता दप्तराच्या मागे जाते, हे येथे स्पष्टपणे बोलले पाहिजे. सातबाऱ्यावर किंवा ई-पीक पाहणीत नोंद ज्याची, रक्कम त्याची. खाते सामाईक असेल तर एकाच्या नावे पैसे जमा होण्यासाठी इतर हिस्सेदारांची ना-हरकत लागते. मग गावी राहून पेरणी करणारा धाकटा भाऊ पुण्यातल्या थोरल्याच्या सहीसाठी आर्जवे करीत बसतो. त्याची निदान दप्तरात नोंद तरी असते. बटईने किंवा ठोक्याने जमीन करणाऱ्याची तीही नसते. बियाणे त्याचे, खत त्याचे, भावातली तूटही त्याचीच. अनुदान मात्र मालकाच्या खात्यावर.

मालकाला यासाठी सरसकट लोभी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. मुंबई इलाख्यात 1948 चा आणि हैदराबाद संस्थानच्या मुलखात 1950 चा कुळकायदा आला, त्यानंतर लेखी खंडपत्र म्हणजे जमिनीवर पाणी सोडणे, ही धास्ती घराघरांत मुरली. कसणाऱ्याला संरक्षण देण्यासाठी झालेल्या कायद्यानेच पुढच्या पिढीतील कसणाऱ्याला कागदावरून पुसून टाकले, हा आपल्या महसुली इतिहासातील मोठा विपर्यास होय. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये यावर एक तोड काढली : अकरा महिन्यांचा करार, ज्यायोगे कसणाऱ्याला पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई मागता येते, पण जमिनीवरील मालकीस धक्का लागत नाही. तेथेही करारावर मालकाची सही लागते आणि ती मिळवणे सोपे नाही, हे मी विसरलेलो नाही. तथापि सातबाऱ्याच्या पीक-नोंदीलगत, केवळ साहाय्यापुरता ग्राह्य आणि कुळहक्काचा पुरावा म्हणून सर्वथा अग्राह्य असा, प्रत्यक्ष पेरणाऱ्याच्या नावाचा एक रकाना घालण्यास कोणती कायदेशीर अडचण आहे, हे या सभागृहातील महसूल-कायद्याच्या जाणकारांनी दुपारच्या सत्रात सांगावे, आणि अडचण नसेल तर तशा ठरावाचा मसुदा आजच सभेपुढे ठेवावा.